लो-मेंटेनन्स कुणासाठी?

गेल्या वर्षी मे महिन्यात मी आमच्या शिनोलीच्या घराच्या स्लॅबवर ४८ ट्रे मांडले. एकेक ट्रे अर्धा मीटर लांब, अर्धा मीटर रुंद आणि दहा सेंटिमीटर खोल. काळं जाड प्लास्टिक, तळाला भोकं, पाणी वाहून जावं म्हणून खाली बुटके पाय. आत कोकोपीट, विटांचा चुरा, पर्लाइट आणि थोडं शेणखत. त्यात चिनी गुलाब (तोच तो 'ऑफिस टाइम'), पानफुटी, कोरफड, आणि हौसेनं ऑनलाइन मागवलेलं सेडम. स्लॅबवर थेट माती पसरण्यापेक्षा ट्रे बरे, कारण मुळं स्लॅबपर्यंत पोचत नाहीत आणि कुठे गळायला लागलं तर तेवढेच चार ट्रे उचलून खाली बघता येतं. कोड लिहिताना आम्ही जे सुटे सुटे भाग पाडतो, त्यातलाच हा प्रकार. मला तो आवडणारच होता.

पण मी खरा भुललो ते 'लो-मेंटेनन्स' या शब्दाला. एकदा लावा आणि विसरून जा.

शिनोली माहीत नसेल तर सांगतो. पुणे-नाशिक रस्त्यावर मंचरला डावीकडे वळायचं, घोडेगाव मागे टाकलं की आमचं गाव. पुढे डिंभे धरण, आणि तसंच पुढे भीमाशंकर. बहुतेकांनी शिनोली पाहिलेली असते ती गाडीच्या काचेतून.

आमचं घर २०१६ पर्यंत कौलारू होतं. दर वर्षी मे संपता संपता आण्णा आणि चुलते वर चढायचे, कौलं चाळायचे, फुटकी बदलायचे, पालापाचोळा झाडायचे. आम्ही पोरं खालून कौलं पुरवायचो. तो सगळा खटाटोप नको म्हणून स्लॅब आला. म्हणजे आमच्या घरातली पहिली लो-मेंटेनन्स खरेदी स्लॅबच म्हणायला हवी. त्या स्लॅबनं उन्हाळा थेट घरात आणून बसवला. एप्रिल-मेमध्ये आई-आण्णा रात्री ओट्यावर झोपतात. एसी लावू म्हटलं तर आण्णा लाइटबिलाचा विषय काढतात. म्हणून हे हिरवं छत.

ते चाललंही. या एप्रिलमध्ये भर दुपारी दोनला मी इन्फ्रारेड थर्मामीटर घेऊन वर गेलो. उघड्या स्लॅबवर ५७ अंश, ट्रेखाली ३५. खालच्या खोलीत पंखा पुन्हा वाऱ्याचा पंखा वाटायला लागला. हे आधीच सांगतो, कारण पुढचं वाचून कुणाला वाटेल की ट्रेच वाईट. ट्रेंचा काही दोष नाही.

ट्रे मांडण्याआधी मी एक गोष्ट मन लावून तपासली होती, ती म्हणजे वजन. आपल्याकडच्या आयएस ८७५ या मानकात, ज्या सपाट छतावर माणसांची ये-जा असते त्यासाठी दर चौरस मीटरला साधारण १५० किलोचा भार धरायला सांगितलंय. आमच्या स्लॅबचं ड्रॉइंग वगैरे काही नाही, गावातल्या मिस्त्रीनं अनुभवानं ओतलेला तो. म्हणून मी जास्तच जपून होतो. साधी माती भरली असती तर भिजल्यावर एक ट्रे ४५ किलोच्या पुढे गेला असता, चौरस मीटरला चार ट्रे म्हणजे १८० च्या वर. हलकं मिश्रण भरलं तर भिजलेला ट्रे २८ किलो, चौरस मीटरला ११२. एक ट्रे मी प्रत्यक्ष भिजवून, निथळवून, वजनकाट्यावर ठेवून पाहिला. सिव्हिलवाल्या मित्राला विचारून सगळे ट्रे भिंती आणि बीमच्या रेषेत ठेवले, मधला भाग मोकळा सोडला. एकूण भार १,३४४ किलो. एक्सेल शीट अजून माझ्याकडे आहे.

ही काळजी नुसती इंजिनिअरिंगच्या अभ्यासातून आलेली नव्हती. भिजलेल्या मातीचं वजन काय असतं हे आमच्या तालुक्याला कुणी शिकवायला नको. ३० जुलै २०१४ ला सकाळी माळीणवर डोंगर आला आणि १५१ माणसं गेली. मी तेव्हा अकरावीत होतो. आमच्या दारावरून ॲम्ब्युलन्स आणि जेसीबी डिंभ्याकडे जाताना आम्ही नुसते उभं राहून बघत होतो. तेव्हापासून पावसात चिखल झालेला ढीग दिसला की मी मनातल्या मनात त्याचं वजन करतो.

तर स्लॅबचा हिशेब पक्का होता. उन्हाळ्यात पाण्यासाठी खाली न्हाणीजवळच्या टाकीला छोटा पंप लावला, वर ठिबकच्या नळ्या टाकल्या, मोबाइलवरून चालणारा टायमर बसवला. पावसाळ्यात सेडम कुजून गेलं. थंड देशातली झुडपं ती, आमच्या जुलैची झड त्यांना सोसली नाही. बाकीचं मात्र छान फोफावलं, मध्येच न बोलावता घोळ आली, तिची आईनं दोनदा भाजीही केली. मी इन्स्टाग्रामवर फोटो टाकले. फेब्रुवारी गेला, मार्च गेला, व्हिडिओ कॉलवर ट्रे हिरवेगार. ॲपमध्ये रोज संध्याकाळी साडेसहाला 'चालू' असा हिरवा ठिपका. ऑफिसात मी मोठ्या थाटात सांगत होतो, तीन महिने गावाला गेलो नाही आणि बाग जशीच्या तशी. झीरो मेंटेनन्स.

एप्रिलच्या शेवटी लागून सुट्ट्या आल्या, न कळवताच गेलो. जिन्याच्या खालच्या पायरीवर बादली होती, आत तांब्या. लोखंडी कठड्याला जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळलेली. उन्हात तापलेला कठडा हाताला लागू नये म्हणून. आई गुडघ्याला पट्टी बांधून बसली होती.

पंप फेब्रुवारीच्या मध्यालाच जळाला होता. टायमर रोज इमानेइतबारे वीज सोडत होता आणि ॲपला तेवढंच कळत होतं. पाणी वर आलं का, हे त्याला विचारायची सोय मीच केली नव्हती. सव्वादोन महिने आई दिवसाआड दहा बादल्या वर नेत होती. १७ पायऱ्या.

"सांगितलं का नाही?"

"काय सांगायचं? तू तिकडं कामात. तूच म्हणला व्हता ना, ही झाडं मरत नाय म्हणून. मंग मरून कशी द्यायची?"

हे वाक्य मला अजून नीट पचलेलं नाही. आण्णांचं म्हणणं वेगळं होतं. ते म्हणाले, "मी सांगितलं तिला, वाळू दी. उन्हाळ्यात डोंगर तरी कुठं हिरवा राहतोय?" पण आण्णांना कुणी शब्द दिला नव्हता. झाडं मरणार नाहीत असं मी आईला सांगितलं होतं, आणि तो शब्द खरा करायचं काम तिनं स्वतःकडे घेतलं. माझी इज्जत तिनं बादल्यांनी राखली.

रात्री मी हिशेब केला (दुसरं काय येतं मला). ३५ फेऱ्या, फेरीला दहा बादल्या, बादलीत दहा लिटर. साडेतीन हजार किलो. स्लॅबवर मी ठेवलेल्या एकूण वजनाच्या अडीचपट आई जिन्यावरून वर घेऊन गेली होती. स्लॅबला किती सोसेल हे मी ट्रे वजनकाट्यावर ठेवून बघितलं होतं. जिना चढणाऱ्या गुडघ्याचा रकाना त्या एक्सेल शीटमध्ये नव्हताच.

तुम्ही म्हणाल, मग एक सेन्सर लाव ना. नळीत पाणी वाहतंय का हे सांगणारा सेन्सर काहीशे रुपयांत मिळतो, आणि मी तो आता लावलाही आहे. पण प्रामाणिकपणे विचार केला तर त्यानं काय झालं असतं? पंप जळाल्याचा मेसेज मला हिंजवडीत आला असता आणि मी लगेच फोन केला असता, "आई, जरा वर जाऊन बघतेस का?"

माझ्या धंद्यात ही गोष्ट नवी नाही. डिसेंबर २०२१ मध्ये लॉग४जे नावाच्या एका छोट्या सॉफ्टवेअरमध्ये भयंकर भोक सापडलं. जगभरच्या बँका, सरकारं, मोठमोठ्या कंपन्या ते वर्षानुवर्षं फुकट वापरत होत्या. मी नोकरीत नवाच होतो, आमच्या टीमच्या कितीतरी रात्री त्यात गेल्या. तेव्हा पहिल्यांदा कळलं की ते सॉफ्टवेअर सांभाळणारी माणसं मूठभर, आणि तीही बहुतेक स्वयंसेवक, आपापली नोकरी सांभाळून उरलेल्या वेळात हे करणारी. आम्हाला ते लो-मेंटेनन्स वाटत होतं कारण मेंटेनन्स दुसरं कुणीतरी करत होतं. आम्ही तेव्हा त्यांच्याबद्दल हळहळलो आणि पुढच्या तिकिटाकडे वळलो.

न्यूयॉर्कची एक कलाकार आहे, मिअर्ल लेडरमन युकेलीज. १९६९ मध्ये, मूल झाल्यावर, तिनं एक जाहीरनामा लिहिला. तिचा सवाल असा की नवं काही घडवणाऱ्याला कलावंत म्हणतात, मग जे घडलंय ते रोज झाडणारं-पुसणारं, भरवणारं माणूस कोण? पुढे १९७९-८० मध्ये ती शहरभर फिरली आणि साडेआठ हजार सफाई कामगारांशी एकेक करून हात मिळवला, शहर जिवंत ठेवल्याबद्दल त्यांचे आभार मानले. तिची कला ती एवढीच. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा 'हे काय, आभार मानणं ही कुठली कला' असं वाटलं होतं. आता वाटतं, तिला निदान साडेआठ हजार चेहरे तरी दिसले. मला एक दिसत नव्हता, आणि तो रोज व्हिडिओ कॉलवर समोर होता.

आणखी एक ठिकाण आठवा जिथे हा शब्द आपण सर्रास वापरतो. मित्रांच्या ग्रुपवर लग्नाचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, "मुलगी लो-मेंटेनन्स पाहिजे रे." म्हणजे काय? तिच्या गरजा नसाव्यात असं नाही, त्या आपल्यापर्यंत येऊ नयेत. मीसुद्धा आईबद्दल हेच कौतुकानं सांगत आलोय, आमची आई कधी काही मागत नाही. आता जरा शंका येते. मागत नाही, की मी मागायला जागाच ठेवली नाही? फोनवर माझा पहिला प्रश्न असतो "सगळं ठीक ना?", आणि त्याचं उत्तर त्या प्रश्नातच भरून दिलेलं असतं. तोही एक हिरवा ठिपकाच.

मात्र इथे गोष्ट सरळ राहत नाही. मी अपराधी चेहऱ्यानं म्हटलं, उद्याच सगळे ट्रे उतरवतो. तर आई भडकली. "आता नेतो म्हणतो? एवढं केलं ते काय न्यायला?" मग हळूहळू कळलं की संध्याकाळची ती वेळ तिला आवडत होती. वरून डिंभ्याकडचे डोंगर दिसतात. शेजारच्या काकू त्यांच्या स्लॅबवर वाळवण गोळा करायला येतात, दोघींच्या गप्पा होतात. गुडघा दुखत होता आणि तिला वर जायचंही होतं. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या. तिला पिळून घेतलं असं म्हणायचं की तिनं जीव लावला असं म्हणायचं, हे ठरवायचा अधिकार मला नाही एवढं मात्र कळलं. ती कामाबद्दल तक्रार करत नव्हती. तिला बोचलं होतं ते वेगळंच: "तुह्या त्या मोबाइलवर समदं दिसतं म्हणला, मंग मी दिसले नाय व्हय?"

निगा राखण्याचे गोडवे गाऊन मला यातून सुटता येणार नाही. कारण निगासुद्धा आंधळी असू शकते. हिरवं छत ही काही आपल्याला परदेशानं शिकवलेली नवलाई नाही, निदान मातीचं छत तरी नाही. सोलापूर-मराठवाड्याकडे धाब्याची घरं असतात, माळवद. लाकडी तुळया, वर फळ्या-काटक्या, त्यावर मातीचा जाड थर. पावसाळ्याआधी त्यावर पांढरी, खारी माती नव्यानं टाकायची, चोपायची, उगवलेलं गवत उपटायचं. दर वर्षीचं काम, पिढ्यान् पिढ्यांचं. पण नवा थर टाकताना जुना कुणी काढत नसे, त्यामुळे कितीतरी घरांवर माती फूट-दीड फूट, काही ठिकाणी दोन फुटांच्याही वर गेली होती. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा दगडमातीच्या कच्च्या भिंती ढासळल्या आणि हे वजन झोपलेल्या माणसांवर आलं. हजारो गेली. ज्या घरांची दर वर्षी निगा राखली गेली, त्यांतली कितीतरी त्याच निगेनं जड झालेली होती. म्हणून नुसतं राबणं म्हणजे पुण्य असं मला म्हणवत नाही. आईनं ४८ ट्रे हिरवे ठेवले त्यातही थोडा असाच, वर्षानुवर्षांच्या सवयीचा थर होता: घरातल्या पुरुषानं बोललेलं खोटं पडू द्यायचं नाही.

मग खरोखरचं लो-मेंटेनन्स छत कसं असतं? ते सह्याद्रीवर आहे. कासच्या पठारावर किंवा आमच्या इकडे आहुप्याच्या घाटमाथ्यावर जा. खाली काळा नाहीतर जांभा कातळ, वर जेमतेम काही बोटं माती. पावसात तिथे तेरडा येतो, सीतेची आसवं येतात, सोनकीनं उतार पिवळे होतात. कुणी पाणी घालत नाही, खत घालत नाही. आणि डिसेंबर-जानेवारीपासून ते सगळं करडं, तपकिरी, मेल्यासारखं. बिया आणि कंद मातीत दबून असतात, जूनपर्यंत कुणालाही काही दाखवत नाहीत. कासला हजारो लोक जातात ते सप्टेंबरात. एप्रिलमध्ये तिथे गेलेला एक माणूस मला अजून भेटलेला नाही.

आण्णा हेच सांगत होते. आम्हाला कमी निगेचं छत हवं असेल तर वर्षातले पाच-सहा महिने ते वाळलेलं बघायची तयारी हवी. ते नको असेल तर कुणीतरी पाणी घालायचं, आणि ते 'कुणीतरी' कोण हे नाव घेऊन ठरवायचं. जर्मनीत या तंत्राचे काटेकोर नियम आहेत, तिथेही पातळ थराच्या छतावर वर्षातून एक-दोनदा माणूस चढून तण काढतो, पाणी वाहून जायची भोकं मोकळी करतो. निदान तिथे त्या माणसाच्या फेरीचा खर्च आधी धरलेला असतो. माझ्या शीटमध्ये तो शून्य होता.

सेडम विकणाऱ्यानं मला फसवलं असंही नाही. त्याच्या पानावर लो-मेंटेनन्स लिहिलेलं होतं. कुणासाठी हे लिहिलेलं नव्हतं, आणि मी विचारलं नाही. तो शब्द वाचताना माझ्या डोळ्यांसमोर मी होतो, पुण्यात बसलेला. घरात मात्र ती दोघं राहतात.

त्या सुट्टीत आम्ही तिघं वर बसलो आणि वाटणी केली. आई पहिल्यांदा गप्प होती, मग एकदम स्पष्ट बोलायला लागली. हे नको, ते हलव, कोरफड जिन्याजवळ आण, लागते. खालच्या खोलीवरचे १६ ट्रे हिरवे ठेवायचे, कारण तिथे ती दोघं झोपतात. त्यांना नवा पंप, आणि तो बंद पडला तर मी स्वतः येईपर्यंत झाडं वाळली तरी चालतील, कुणी बादली उचलायची नाही. बाकीचे वाळू द्यायचे आणि जूनमध्ये काय उगवतं ते बघायचं. भोकं साफ करायला मी पावसाआधी एकदा आणि दिवाळीत एकदा येणार. हे मी कॅलेंडरमध्ये टाकलंय, पण आईनं ते भिंतीवरच्या कालनिर्णयवरही लिहून ठेवलंय, माझ्या नावासकट. तिचा माझ्या मोबाइलवरचा विश्वास उडालाय, आणि तो परत यावा असा माझा आग्रह नाही.

मेच्या शेवटच्या शनिवारी ठरल्याप्रमाणे गेलो. वर ३२ ट्रे करडे पडले होते, पानफुटीच्या काड्या राहिल्या होत्या. एकेक ट्रे तिरका करून भोकं मोकळी करत कोपऱ्यापर्यंत आलो तर तिथला एक ट्रे ओला. त्यात माझ्या झाडांपैकी काही नव्हतं. पानओवा लावलेला होता, चांगला दाट, कडेला काड्या खोचून उन्हाला आडोसाही केलेला.

खाली येऊन विचारलं, "बादली उचलायची नाही असं ठरलं होतं ना?"

"बादली कुठं? तांब्याभर पाणी तर लागतं." मग चहाचं आधण ठेवता ठेवता म्हणाली, "आन् तो तुहा नाय. तो माहा हाये."